मनगट दुखतंय म्हणून महागडा कीबोर्ड घ्यायचाय? आधी टायपिंग करतानाचे दोन फोटो काढून बघा

रात्री दोन-अडीचला अचानक जाग येते. हात बधिर झालेला असतो, अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या आलेल्या असतात. माणूस अंधारातच हात दोन-चार वेळा झटकतो, कूस बदलतो आणि परत झोपतो. सकाळी घरच्यांनी विचारलंच तर सांगतो, "काही नाही, हात अंगाखाली आला असेल." असं महिना-दोन महिने चालतं. मग एक दिवस शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, नाहीतर चहाचा कप हातातून निसटतो.

हे सगळं ज्यांच्याबाबतीत होतं, त्यातले बरेच जण दिवसाचे आठ-नऊ तास कीबोर्डवर असतात. टॅलीमध्ये एंट्र्या मारणारे, डीटीपी करणारे, कोर्टातले स्टेनो, न्यूज डेस्कवर बसणारे, कोडिंग करणारे. त्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो म्हणजे कीबोर्ड बदलून टाकू. मग ऑनलाइन 'अर्गोनॉमिक कीबोर्ड' शोधलं जातं आणि समोर पाचशे रुपयांपासून ते तीस-चाळीस हजारांपर्यंतचे पर्याय येतात. कुणी मधोमध दुभंगलेला, कुणी लाटेसारखा वाकलेला, कुणी थेट दोन तुकड्यांत. सगळ्यांवर 'मनगटाला आराम' असंच लिहिलेलं.

मग यातला घ्यायचा कोणता? आणि मुळात घ्यायची गरज आहे का? तेच समजून घेऊ.

नेमकं दुखतं काय?

'आरएसआय' हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी, म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने होणारी इजा. पण हे एका आजाराचं नाव नाही. मनगटापासून खांद्यापर्यंतची वेगवेगळी दुखणी या एका नावाखाली येतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम.

आपल्या मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर एक जाड पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे जातात आणि त्यांच्याच गर्दीत मीडियन नर्व्ह नावाची एक नस असते. बोगद्यातला दाब वाढला की ही नस चेपली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एवढ्या भागाची संवेदना तिच्याकडे असते. म्हणून मुंग्या तिथेच येतात. करंगळी तिच्याकडे नसते. करंगळीतच मुंग्या येत असतील तर दबलेली नस दुसरी असू शकते, तीही बहुतेकदा कोपरापाशी. त्यावर मनगटाचा पट्टा बांधून फारसा उपयोग होत नाही.

आता बोगद्यातला दाब सगळ्यात कमी कधी असतो? मनगट सरळ असताना. हात वर वाकवला की दाब वाढतो, खाली वाकवला तरी वाढतो. अर्गोनॉमिक कीबोर्डच्या दाव्यामागचं शास्त्र बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे.

पण इथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कार्पल टनेलचा सगळा दोष कीबोर्डवर टाकता येत नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात या सगळ्यांत हा त्रास जास्त दिसतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. शिवाय ऑफिसमधून घरी आलं की तेच मनगट कणीक मळतं, कपडे पिळतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळत बसतं. त्यामुळे दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर कीबोर्डच्या आधी डॉक्टरांकडे जायला हवं आणि सोबत साखर व थायरॉइड तपासून घ्यायला हवं. बधिरपणा दिवसभर राहत असेल, वस्तू हातातून पडत असतील किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल, तर एक दिवसही थांबू नये. नस फार काळ दबून राहिली की नंतर ऑपरेशन करूनही सगळी ताकद परत येईलच असं नसतं.

कीबोर्ड असा का आहे?

आज आपण वापरतो त्या कीबोर्डची मांडणी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ठरली. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी बनवलेला टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणला. त्या यंत्रात प्रत्येक बटणाखाली एक लोखंडी दांडी होती. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून बटणांच्या ओळी थोड्या तिरक्या सरकवलेल्या होत्या. दांड्या कधीच गेल्या, तिरक्या ओळी मात्र आजच्या लॅपटॉपवरही तशाच आहेत. माणसाच्या हाताचा विचार करून त्या ठेवलेल्या नव्हत्या.

गंमत म्हणजे टाइपरायटर कितीही जड असला तरी त्यात एक सोय होती. प्रत्येक ओळ संपली की हात उचलून कॅरेज मागे ढकलावी लागायची. पान संपलं की नवा कागद लावायचा, कार्बन सरळ करायचा, चूक झाली तर खोडायचं. हात सतत वेगवेगळं काम करायचे. कॉम्प्युटर आला आणि या सगळ्या छोट्या विश्रांत्या गेल्या. बटणं हलकी झाली, पण हात तासन् तास एकाच जागी खिळले.

अर्थात लिहिणाऱ्यांचे हात त्याआधीही दुखायचे. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७१३ मध्येच कारकुनांच्या दुखण्यांबद्दल लिहून ठेवलंय. ब्रिटनमध्ये १९०८ साली तार पाठवणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांना नुकसानभरपाईच्या यादीत जागा मिळाली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तर कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये या दुखण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की लोकांनी थट्टेने त्याला 'कांगारू पॉ', म्हणजे कांगारूचा पंजा, असं नाव देऊन टाकलं. हे दुखणं खरं की मनाचं, यावर तिथे वर्षानुवर्षं भांडणं झाली.

अभ्यास काय सांगतात?

कंपन्यांच्या जाहिराती बघितल्या तर वाटतं की हे सगळं सिद्ध झालेलं आहे. तसं नाहीये.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी भरपूर कॉम्प्युटर वापरणाऱ्या २५७ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यांच्यात कार्पल टनेलचं प्रमाण सर्वसामान्य लोकांइतकंच निघालं. २००३ मध्ये डेन्मार्कमधला जवळपास सात हजार कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात कीबोर्डच्या वापराशी या आजाराचा ठोस संबंध दिसला नाही, पण आठवड्याला वीस तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. म्हणजे ज्याच्यावर सगळे संशय घेत होते तो कीबोर्ड बाजूला आणि शेजारचा माउस आरोपीच्या पिंजऱ्यात!

मग अर्गोनॉमिक कीबोर्ड नुसती हवा आहे का? तसंही नाही. १९९९ मध्ये हात दुखत असलेल्या ८० जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना चार गटांत वाटून तीन प्रकारचे अर्गोनॉमिक आणि एक साधा कीबोर्ड दिला गेला. सहा महिन्यांनंतर एका गटाचं दुखणं साध्या कीबोर्डवाल्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. तो गट मायक्रोसॉफ्टचा 'नॅचरल कीबोर्ड' वापरणारा होता. बाकीच्या दोन अर्गोनॉमिक कीबोर्डांनी तसा फरक दाखवला नाही. पुढे २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने कार्पल टनेलवरचे असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा त्यांना नीट झालेले दोनच सापडले, दोन्ही मिळून १०५ माणसांचे. ठाम निष्कर्ष काढायला तेवढे पुरेसे नाहीत असं त्यांनी म्हटलं.

थोडक्यात, 'अर्गोनॉमिक' हा शब्द छापल्याने कुठला कीबोर्ड औषध होत नाही. पण हाताची ठेवण चुकीची असेल आणि कीबोर्डने ती सरळ होत असेल, तर दुखणाऱ्या माणसाला फरक पडू शकतो. त्यामुळे आपल्या हाताची ठेवण कुठे चुकते, हे खरेदीच्या आधी शोधायला हवं.

दोन फोटो काढा

यासाठी दुकानात जायची गरज नाही. नेहमीच्या जागी, नेहमीसारखं बसून दहा मिनिटं टाइप करायचं आणि घरातल्या किंवा ऑफिसमधल्या कुणालातरी न सांगता दोन फोटो काढायला सांगायचं. न सांगता अशासाठी, की फोटो म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो. एक फोटो बाजूने, कोपर आणि मनगट दिसेल असा. दुसरा बरोबर वरून.

बाजूच्या फोटोत कोपरापासून बोटांपर्यंत साधारण सरळ रेष दिसायला हवी. मनगट खाली आणि बोटं वर, असा बाक दिसला तर अडचण उंचीची आहे. टेबल उंच आहे, कीबोर्ड जाड आहे किंवा त्याचे मागचे पाय उघडलेले आहेत.

वरच्या फोटोत हाताचा पंजा कोपराच्या रेषेतच दिसायला हवा. पंजे मनगटातून बाहेर, करंगळीच्या बाजूला वळलेले दिसत असतील तर अडचण रुंदीची आहे. खांदे रुंद आणि बटणांची जागा अरुंद, त्यामुळे हात आत येतात आणि पंजे बाहेर मुरडतात. दुभंगलेला कीबोर्ड जन्माला आला तो याच कारणाने.

वरच्याच फोटोत उजवा हात माउसकडे गेलेला असताना कोपर अंगापासून किती लांब जातंय तेही बघा. फार लांब जात असेल तर दोष उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीचा, म्हणजे नमपॅडचा आहे. तोच माउसला पार पलीकडे ढकलतो.

फुकटातले उपाय आधी

बाजूचा फोटो बिघडलेला असेल, आणि बहुतेकांचा तोच बिघडलेला असतो, तर पहिलं काम म्हणजे कीबोर्ड उलटा करून त्याचे मागचे दोन पाय मिटणं. हे पाय कशासाठी असतात? बटणावरची अक्षरं नीट दिसावीत म्हणून. मनगटाच्या दृष्टीने ते उलटंच काम करतात. मागची बाजू उचलली की मनगट आणखी वर वाकतं.

दुसरं, टेबल. आपल्याकडे ऑफिसचं टेबल असो की डायनिंग टेबल, उंची साधारण ७५ सेंटीमीटर असते. पाच फूट एक-दोन इंच उंचीची बाई खुर्चीत पाय टेकवून बसली तर तिचं कोपर जमिनीपासून ६०-६२ सेंटीमीटरच्या आसपास येतं. म्हणजे टेबल तिच्या कोपरापेक्षा चांगलं वीतभर नाही तरी पाच-सहा इंच उंच. ती दिवसभर खांदे उचलून टाइप करते आणि संध्याकाळी मान दुखते म्हणते. टेबल कापता येत नाही. मग खुर्ची वर करायची, आणि पाय लोंबकळायला लागले की खाली पाट ठेवायचा. होय, जेवायला बसायचा तोच पाट. फूटरेस्ट म्हणून तो फार चांगलं काम करतो. खुर्ची वर-खाली होत नसेल तर घट्ट उशी.

तिसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान झुकते, मान सरळ केली तर हात वर जातात. यावर हजारोंचा अर्गोनॉमिक कीबोर्ड हा पहिला उपाय नाही. पाच-सातशे रुपयांचा साधा, चपटा कीबोर्ड आणि एक माउस घ्यायचा, लॅपटॉप जुन्या पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या पातळीला ठेवायचा. पलंगावर लोडाला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्याला यातून जेवढा आराम मिळेल, तेवढा कुठल्याच विशेष कीबोर्डने मिळणार नाही.

आणि हो, मनगटाखालची जेलची गादी. ती टायपिंग थांबवल्यावर हात टेकायला असते. टाइप करताना मनगट त्यावर दाबून ठेवलं तर ती बरोबर त्या बोगद्यावरच खालून दाब देते.

चौथा उपाय लोकांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, तो म्हणजे थांबणं. अमेरिकेत डेटा एंट्री करणाऱ्या ४२ जणांवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांना नेहमीच्या दोन सुट्ट्यांशिवाय दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटांची जादा सुट्टी दिली. दुखण्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि काम मात्र घटलं नाही. वीस मिनिटं कमी बसूनही तेवढंच काम झालं. आपल्याकडच्या टार्गेटवाल्या साहेबांना हा कागद दाखवायला हरकत नाही.

आता कीबोर्डकडे येऊ

हे सगळं करूनही वरच्या फोटोत पंजे मुरडलेले दिसत असतील, तर मग खर्च करायला अर्थ आहे.

उजवा खांदा दुखत असेल तर आधी नमपॅड नसलेला कीबोर्ड बघावा. नेहमीचा कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद असतो, नमपॅड काढला की तो ३६ च्या आसपास येतो. तेवढाच माउस आत सरकतो. टॅलीवाल्यांना नमपॅडशिवाय चालत नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी सुटा नमपॅड मिळतो. तो डावीकडे ठेवायची सवय लावली तर एका हातावरचा भार दुसऱ्या हाताशी वाटला जातो.

पंजे मुरडत असतील तर एकाच तुकड्यात पण मधोमध दुभंगलेला कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये आणलेला 'नॅचरल' याच घराण्यातला. आज लॉजिटेकचा 'अर्गो के ८६०' या प्रकारात सहज दिसतो. यात बटणांचे दोन गट एकमेकांपासून तिरपे असतात आणि मधला भाग तंबूसारखा उंचावलेला असतो. त्यामुळे तळहात पूर्ण पालथे न राहता थोडे आत वळतात. शिवाय त्याचे पाय पुढच्या बाजूला असतात, म्हणजे कीबोर्ड पुढून उचलला जातो आणि मनगट वर वाकत नाही. वाईट एवढंच की त्याला नमपॅड चिकटलेलाच आहे, त्यामुळे माउस लांबच राहतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाने कीबोर्ड-माउस बनवणं थांबवत असल्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे त्या नावाचा जुना माल कुठे स्वस्तात दिसला तर वॉरंटी विचारून मगच घ्यावा. नुसत्या लाटेसारख्या वळणाचे कीबोर्डही मिळतात. ते स्वस्त असतात, सवय लवकर होते, पण पंजा त्यात थोडाच सरळ होतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन वेगळे तुकडे. प्रत्येक हातासमोर एक. खांद्यांच्या रुंदीइतके लांब ठेवता येतात, हवे तेवढे तिरके करता येतात. हा सगळ्यात लवचीक प्रकार आहे आणि किंमतही तशीच, दहा हजारांच्या पुढे सहज जाते. कायनेसिससारख्या कंपन्यांच्या काही मॉडेलमध्ये बटणं वाटीसारख्या खोलगट जागेत, उभ्या सरळ रांगांत असतात. शोल्सच्या तिरक्या ओळी तिथे अखेर संपतात. पण वेगही संपतो, निदान पहिले काही आठवडे.

आणि मेकॅनिकल किंवा गेमिंग कीबोर्ड? त्याची बटणं हलकी असू शकतात. साधारण ४५ ग्रॅमच्या जोरात दबणारी 'रेड' स्विच बोटांना बरी वाटते. आपण बहुतेक जण गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने बटण हाणतो, त्यामुळे हलक्या बटणाचा फायदा हळू हात मारायला शिकलं तरच मिळतो. पण बरेचसे मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतात. आधीच उंच असलेल्या टेबलावर तो ठेवला की मनगट पुन्हा वर. रंगीत दिव्यांचा मनगटाशी काही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

मराठी टाइप करणाऱ्यांची करंगळी

कीबोर्डचे सगळे सल्ले इंग्रजी टायपिंग डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्याचं गणित वेगळं आहे आणि ते फारसं कुणी मांडत नाही.

इनस्क्रिप्टमध्ये काना-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. उजवीकडच्या टोकाला, म्हणजे करंगळीच्या वाट्याला कोण येतं? च, ज, ट, ड आणि य. मराठीत 'चा-ची-चे-च्या' शिवाय वाक्य पुढे जात नाही. 'च्या' टाइप करताना चार बटणं दाबावी लागतात, त्यातली दोन उजव्या करंगळीची. 'त्याच्याजवळच्या' हा एकच शब्द घ्या. पंधरा बटणांपैकी सहा उजव्या करंगळीने दाबायची. 'आहे' मधला 'आ' आणि 'आणि' मधला 'ण' डाव्या हाताच्या बटणांवर आहेत, पण शिफ्टसकट. म्हणजे टायपिंग क्लासमध्ये शिकवतात त्या पद्धतीने उजवी शिफ्ट दाबायची, पुन्हा उजव्या करंगळीने. 'डॉक्टर' शब्दात तर ड, ऑची मात्रा आणि ट ही तिन्ही त्याच बोटाकडे. हात दाखवायला ज्यांच्याकडे जायचं, त्यांचं नाव टाइप करतानाही करंगळीच राबते!

म्हणून इनस्क्रिप्टवाल्यांनी कीबोर्ड निवडताना आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात. पहिली, उजव्या टोकाची बटणं. दोन तुकड्यांच्या छोट्या कीबोर्डांत जागा वाचवायला चौकटी कंसाची आणि उलट्या तिरप्या रेघेची बटणं काढून टाकलेली असतात. इंग्रजीवाल्याला ती महिन्यातून एकदा लागतात. मराठीत चौकटी कंसावर 'ड' आणि 'ढ' आहेत, तिरप्या रेघेवर 'ऑ' ची मात्रा. ती बटणं नसलेला कीबोर्ड कितीही सुंदर असला तरी 'गाडी' लिहिताना रडवेल. फोटो मोठा करून ही दोन बटणं जागेवर आहेत का, हे तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी, शिफ्ट अंगठ्याकडे नेता येते का. बऱ्याच दोन तुकड्यांच्या कीबोर्डांत अंगठ्यासाठी दोन-तीन वेगळी बटणं असतात आणि कुठल्या बटणाने काय करायचं हे आपल्याला ठरवता येतं. हाताचं सगळ्यात दणकट बोट असलेला अंगठा एरवी फक्त स्पेस दाबत बसतो. शिफ्ट त्याच्याकडे दिली की करंगळीचा मोठा भार उतरतो. एवढा खर्च जमत नसेल तर विंडोजमधलं 'स्टिकी कीज' चालू करून बघता येईल. त्यात शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एकदा दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचं. श्रीलिपीत जुन्या रेमिंग्टन मांडणीने टाइप करणाऱ्या डीटीपीवाल्यांची अक्षरं वेगळ्या जागी असतात. त्यांनी आपली मांडणी समोर ठेवून असाच हिशोब करावा.

परीक्षेच्या तयारीला लागलेल्यांनी मात्र जरा थांबावं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा असो की लिपिक-टंकलेखक पदासाठी लागणारा मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग, केंद्रावर समोर येणार तो साधा, सपाट कीबोर्ड. घरी दुभंगलेल्यावर सराव करून तिथे बसलं तर बोटं चुकणारच. त्यांच्यासाठी पाय मिटलेला साधा कीबोर्ड, पायाखाली पाट आणि दर अर्ध्या तासाने हात मोकळे करणं हेच बरं.

घेतल्यानंतर

नवा कीबोर्ड आला की पहिले आठ-दहा दिवस वेग पडतो, चिडचिड होते. व ज्यावर आहे ते बटण दुभंगलेल्या कीबोर्डात डाव्या तुकड्यावर असतं. उजव्या हाताने 'व' मारायची सवय असलेल्यांचं बोट तिथे मधल्या खाचेत पडतं. त्यामुळे डेडलाइनच्या आठवड्यात बदल करू नये. रोज एखादा तास नव्यावर, बाकी जुन्यावर, असं दोन-तीन आठवडे करता येतं. घेण्याआधी परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघावं, कारण मनगटाला पटलं की नाही हे दोन दिवसांत कळत नाही.

दोन आठवड्यांनी तेच दोन फोटो पुन्हा काढायचे, याही वेळी न सांगता. मनगट सरळ दिसतंय आणि रात्रीच्या मुंग्या कमी झाल्यात, तर कीबोर्ड ठेवायचा. मनगट सरळ आहे पण मुंग्या तशाच आहेत, तर दोष कीबोर्डचा नव्हता. मग तो परत करून ते पैसे नसांच्या तपासणीसाठी वापरलेले बरे.